परदेशातून : इंजिन स्वदेशी हवं, पण पानं कुठायत?

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रातल्या मंत्र्यांनी आपला ई-मेल झोहो या भारतीय कंपनीवर हलवायला सुरुवात केली, तिचं मेसेंजर ‘अरट्टाई’ डाउनलोड करायची लाट आली, आणि पाठोपाठ नेहमीचा प्रश्न आला: मेल झालं, मेसेंजर झालं, मग आपलं सर्च इंजिन का नाही? कोल्हापुरात हा प्रश्न जरा जास्त तावातावाने विचारला जातो. त्याच वर्षी जुलैच्या शेवटी नांदणी मठाची महादेवी हत्तीण अंबानींच्या वनताराला नेली, तेव्हा जिल्ह्यातल्या लोकांनी मोर्चे काढले आणि जिओचे नंबर दुसऱ्या कंपन्यांकडे पोर्ट करून घेतले. बहिष्कार कसा घालायचा हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. पण ज्यांनी हत्तिणीसाठी सिमकार्ड बदललं, त्यांच्यापैकी किती जणांनी फोनमधलं सर्च इंजिन कधी बदलून पाहिलं असेल? त्याला ना दुकानात जावं लागतं, ना पोर्टिंगचा मेसेज पाठवावा लागतो.

भीती खोटी आहे असं नाही. जुलै 2025 मध्ये युरोपीय महासंघाच्या निर्बंधांचं कारण देत मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा काही दिवस थांबवल्या होत्या. दुसऱ्याच्या हातातली चावी कधी फिरेल सांगता येत नाही, हे तेव्हा दिसलं. जर्मनीतही हेच बोलणं चालू आहे. श्लेस्विग-होल्स्टाइन हे राज्य सरकारी कचेऱ्यांतून मायक्रोसॉफ्ट काढून लिब्रेऑफिस बसवतंय, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये बर्लिनला ‘डिजिटल सार्वभौमत्व’ या विषयावर परिषद भरली. म्हणजे आपल्याकडे ज्याला स्वदेशी म्हणतात, ते इथे सूटबूट घालून चालतं. फरक एवढाच, की या लोकांनी सर्च इंजिनाचा प्रयोग आपल्याआधी करून हात पोळून घेतलेत. ती हकीकत कोल्हापुरातल्या वाचकांनी फुकटात घ्यावी.

2005 मध्ये फ्रान्सचे शिराक आणि जर्मनीचे श्रोडर यांनी मिळून ‘क्वेरो’ नावाचा युरोपीय शोधप्रकल्प जाहीर केला. दीड-दोन वर्षांत जर्मनी बाहेर पडला. पुढे युरोपीय आयोगाने फ्रान्सच्या 9.9 कोटी युरोंच्या मदतीला मंजुरी दिली. संशोधन झालं, पण लोकांनी रोज उघडावं असं इंजिन काही निघालं नाही. सरकारी प्रकल्प म्हणून सोडून देऊ. म्युनिकमध्ये बुर्डा या बड्या प्रकाशन कंपनीच्या पैशावर ‘क्लिक्झ’ उभं राहिलं. स्वतःचा ब्राउझर, स्वतःचा इंडेक्स म्हणजे वेबपानांची सूची, माणसं हुशार. 2020 मध्ये तेही बंद पडलं. त्याच लोकांचं काम 2021 मध्ये अमेरिकेतल्या ब्रेव्हने विकत घेतलं आणि त्यावर आजचं ब्रेव्ह सर्च उभं आहे. जर्मन स्वदेशीचं इंजिन अमेरिकेत जाऊन चालायला लागलं, हा विनोद इथल्या लोकांना फारसा आवडत नाही.

आपल्याकडे ‘गुरुजी डॉट कॉम’ झालंच होतं की. 2006 मध्ये आयआयटीच्या दोघांनी बेंगळुरूत सुरू केलं, भारतीय भाषांत शोध देऊ म्हणून. 2011 पर्यंत गाशा गुंडाळला. अलीकडे केंद्र सरकारने स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा घेतली, मार्च 2025 मध्ये झोहोला पहिलं बक्षीस म्हणून एक कोटी रुपये मिळाले. चांगलं आहे. पण ब्राउझर म्हणजे सर्च इंजिन नव्हे, आणि एक कोटीत इंडेक्सचा एक कोपराही भरत नाही. मायक्रोसॉफ्टने बिंगवर दोन दशकांत सुमारे 100 अब्ज डॉलर घातले, असं अमेरिकेत गूगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात पुढे आलं. तरी बिंग कुठे आहे ते आपण पाहतोच.

पैसा असून भागत का नाही, हे समजून घेतल्याशिवाय या वादाला अर्थ नाही. सर्च इंजिन तीन कामं करतं. आधी बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, वेबभर फिरून पानं आणतो. मग त्या पानांचा इंडेक्स बांधला जातो. 2020 च्या सुमारास गूगलच्या इंडेक्समध्ये जवळपास 400 अब्ज पानं होती, अशी साक्ष गूगलच्याच अधिकाऱ्याने दिली. तिसरं काम क्रम लावायचं, आणि तिथेच सगळी मेख आहे. कुठल्या प्रश्नाला कुठलं पान वर, हे ठरवताना लोकांनी याआधी कशावर क्लिक केलं, कुठून लगेच परत आले, कुठे थांबले, हे बघितलं जातं. गूगलच्या ‘नॅवबूस्ट’ या प्रणालीत अशा 13 महिन्यांच्या नोंदी वापरल्या जातात. त्या खटल्याचे न्यायाधीश अमित मेहता यांनी 5 ऑगस्ट 2024 च्या निकालात आकडा नोंदवलाय: गूगलकडे 13 महिन्यांत जमणारी माहिती बिंगला जमवायला 17 वर्षांहून जास्त लागतील. मोबाइलवर तर गूगलकडे बाकी सगळ्यांच्या मिळून 19 पट शोध येतात.

त्याच निकालातला आणखी एक आकडा मराठी माणसाने नीट वाचावा. सुमारे 37 लाख वेगवेगळे शोधशब्दसमूह तपासले, तेव्हा त्यातले 93 टक्के फक्त गूगलवर विचारले गेले होते. फक्त बिंगवर विचारलेले 4.8 टक्के. ‘आजचं हवामान’ सगळीकडे विचारलं जातं. पण ‘गडहिंग्लज ते आजरा एसटी संध्याकाळची’ हा प्रश्न दुर्मीळ, आणि इंजिनाचा कस अशा दुर्मीळ प्रश्नांवरच लागतो. आपल्या भाषेतला जवळजवळ प्रत्येक स्थानिक प्रश्न असाच क्वचित विचारला जाणारा, शेपटाकडचा आहे.

त्यात मराठीची स्वतःची अडचण वेगळी. ‘कोल्हापूर’ शोधणाऱ्याला ‘कोल्हापुरात’ असं लिहिलेलं पान मिळायला हवं. इथे नुसती मागे विभक्ती लागत नाही, ‘पू’चा ‘पु’ होतो. त्यामुळे सुरुवातीची अक्षरं जुळवून शोधणारं साधं इंजिन तिथेच अडतं. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो; डोळ्याला एकच दिसतो, संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. ‘अ’वर अर्धचंद्र असलेल्या अक्षराचं तेच: एक सबंध अक्षर म्हणून टाइप करता येतं, किंवा ‘अ’ला वरून चंद्र जोडून. इंजिनाने आधी हे सगळं एकसारखं करून घ्यावं लागतं. शिवाय कित्येक लोक मराठी प्रश्न इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, आणि तेही प्रत्येक जण आपापल्या स्पेलिंगने. या कामाला पैशापेक्षा मराठी जाणणारी माणसं आणि मराठी क्लिकच्या नोंदी लागतात.

हे जमतं, याचा दाखला आहे चेक प्रजासत्ताकात. चेक बोलणारे सुमारे एक कोटी. मराठी बोलणारे 2011 च्या जनगणनेत 8.3 कोटी. चेकमध्ये सात विभक्त्या आणि अक्षरांवर नाना खुणा. 1996 मध्ये इवो लुकाचोविच यांनी ‘सेझनाम’ काढलं आणि चेक शब्दरूपांवर इतकं बारीक काम केलं, की कित्येक वर्षं ते तिथे गूगलच्या पुढे होतं. मग लोक शोधायला संगणकाऐवजी फोन वापरू लागले, फोन अँड्रॉइडचे होते, अँड्रॉइडवर शोधाची पट्टी गूगलची होती, आणि सेझनाम मागे पडलं. 2020 मध्ये त्यांनी अँड्रॉइडवरून गूगलकडे भरपाई मागितली. भाषेचं काम चोख असूनही ते घसरलं ते फोनमध्ये आधीच बसवून आलेल्या पर्यायामुळे. म्हणून ‘आपलं इंजिन काढा’ म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न हा: काढलंत, उत्तम निघालं, पण ते फोनवर येणार कुठून?

ही आयती जागा किती मोलाची असते? 2021 मध्ये गूगलने अशा जागांसाठी 26.3 अब्ज डॉलर मोजले. 2022 मध्ये एकट्या ॲपलला सुमारे 20 अब्ज. मेहतांनी यालाच मक्तेदारी टिकवण्याचं बेकायदा साधन ठरवलं. 2 सप्टेंबर 2025 ला उपायांचा निकाल आला तेव्हा मात्र क्रोम विकायला लावलं नाही, पैसे देण्यावरही बंदी नाही; बंदी फक्त ‘दुसऱ्या कुणाला ठेवू नका’ अशा अटीवर, आणि ती गूगलच्या जेमिनी या एआय ॲपसाठीही लागू. इंडेक्समधला काही भाग आणि वापराच्या नोंदी पात्र स्पर्धकांना द्यायच्या आहेत. गूगल अपिलात गेलं आहे. पण ती तरतूद अमेरिकेच्या बाजारासाठी आहे. कोल्हापूरच्या माणसाने मराठीत काय विचारलं याच्या नोंदी त्यातून कुणा भारतीय कंपनीला मिळतील, ही आशा नको.

युरोपने दोन गोष्टी करून पाहिल्या. पहिली, निवडीचा पडदा: नवा अँड्रॉइड फोन चालू करताना इंजिनांची यादी येते, त्यातलं एक निवडायचं. 2020 मध्ये आला तेव्हा यादीतली जागा लिलावाने विकली जात होती. ओरड झाल्यावर 2021 मध्ये फुकट झाली आणि यादी लांबली. मार्च 2024 पासून डिजिटल मार्केट्स ॲक्ट या युरोपीय कायद्याखाली ती पुन्हा कडक झाली. एवढं होऊन युरोपात दहातले नऊ शोध आजही गूगलवरच होतात. भारतातही स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइड प्रकरणी 1,337.76 कोटींचा दंड केला, त्यानंतर जानेवारी 2023 मध्ये गूगलने असा पडदा देऊ म्हणून जाहीर केलं. पडद्याने फार काही होईल असं समजू नका. माणूस ओळखीचं नाव निवडतो.

दुसरी गोष्ट जास्त कामाची, आणि तिच्यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. त्याच कायद्यात गूगलने शोधाच्या आणि क्लिकच्या नोंदी, माणसाची ओळख काढून, रास्त भावाने इतर इंजिनांना द्याव्यात असं कलम आहे. गूगलने काय केलं? जो शोध 13 महिन्यांत लॉग-इन केलेल्या निदान 30 लोकांनी केलाय, तेवढाच यादीत ठेवला. डकडकगो या स्पर्धक इंजिनाचं म्हणणं, त्यामुळे 99 टक्के शोधप्रश्न गळून पडले. म्हणजे शेपूट कापून दिलं, आणि किंमत तर शेपटातच होती. जानेवारी 2026 मध्ये युरोपीय आयोगाने हे कलम नेमकं कसं पाळायचं ते ठरवण्याची प्रक्रिया सुरू केली आहे. खासगीपणा आणि उपयोग यांच्यातली रेघ कुठे मारायची, हा खरा अवघड प्रश्न आहे. लहान गावातला एकच विचित्र प्रश्न माणसाची ओळख उघडी पाडू शकतो, हे गूगलचं म्हणणं सगळंच खोटं नाही. पण 30 ची चाळणी मराठीला लावली तर तालुक्याच्या पातळीवरचे प्रश्न त्यातून पार होणंच कठीण.

आणखी एक सावधगिरी. उद्या कुणी ‘मराठी सर्च इंजिन’ म्हणून काही आणलं, तर पहिला प्रश्न विचारा: इंडेक्स कुणाचा? आजवर बरीच छोटी इंजिनं बिंगकडून निकाल विकत घेऊन वर आपला रंग लावत होती. बिंगने 2023 मध्ये दर कित्येक पटींनी वाढवले आणि 11 ऑगस्ट 2025 ला ती सार्वजनिक सेवाच बंद केली. ज्यांचे वेगळे करार होते ते तगले, बाकीच्यांची धांदल उडाली. यातून शहाणं होऊन बर्लिनचं इकोशिया आणि पॅरिसचं क्वांट यांनी मिळून स्वतःचा युरोपीय इंडेक्स बांधायला घेतला. 2025 च्या ऑगस्टपासून फ्रान्समधले काही शोध त्यावर चालू लागले. त्यांनी सुरुवात फक्त फ्रेंच आणि जर्मनपासून केली, हे लक्षात घ्या. सगळं जग व्यापायचं सोडून एक-दोन भाषा नीट करायच्या, हा मार्ग मराठीलाही परवडेल.

आपल्याकडची आयती जागा आता ब्राउझरपुरती राहिलेलीच नाही. जुलै 2025 मध्ये एअरटेलने आपल्या 36 कोटी ग्राहकांना परप्लेक्सिटी या एआय शोधयंत्राची सशुल्क सेवा वर्षभर फुकट दिली. ऑक्टोबरअखेर जिओने जेमिनी 18 महिने, नोव्हेंबरमध्ये ओपनएआयने स्वतःच चॅटजीपीटीची ‘गो’ योजना एक वर्ष. फुकट दिसलं की आपण विचारत नाही. माझं मत असं, की या कंपन्या आपल्या भाषांतले प्रश्न विकत घेतायत आणि रिचार्ज ही त्याची किंमत आहे. ज्या नोंदींसाठी युरोपचा आयोग गूगलशी भांडतोय, त्या आपण पॅकबरोबर देऊन मोकळे. देऊ नका असं म्हणणं नाही. निदान सेटिंग्जमध्ये जाऊन संभाषणं प्रशिक्षणासाठी वापरण्याचा पर्याय बंद करता येतो, तेवढं करा.

ज्याला खरंच इंजिन बदलून पाहायचंय त्याच्यासाठी: अँड्रॉइडवर क्रोम उघडा, वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, सर्च इंजिन, हवं ते निवडा. पण होम स्क्रीनवरची शोधपट्टी गूगलचीच राहते. ती वेगळी दाबून धरून काढावी लागते, आणि काही फोनांत निघतच नाही. बरेच जण क्रोममध्ये बदल करतात, शोधतात मात्र त्या पट्टीतून, आणि ‘काही फरक नाही’ म्हणतात. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सफारीच्या पानावर सर्च इंजिन आहे. आठवडाभर मराठीत प्रश्न विचारून बघा. बरेचदा निराशा होईल, कारण वर सांगितलंच. दर वेळी दोष इंजिनाचाच असतो असंही नाही. कधी कधी उत्तर असलेलं मराठी पान वेबवर नसतंच.

इथे मला घरच्या वादाशी भांडायचंय. इंजिनावर आपण तासन्‌तास बोलतो, पानांवर कुणीच बोलत नाही. पावसाळ्यात कोल्हापुरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न घ्या: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर? इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट हे शाळकरी पोरालाही पाठ. आता उत्तर कुठे असतं? व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रात, फेसबुकच्या पोस्टमध्ये, नाहीतर स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. यातलं काहीच इंजिनाला नीट वाचता येत नाही. जे वाचता येतं त्या बातमीत ‘आज सकाळी पाणी पात्राबाहेर’ असं असतं, तारीख फक्त वर कोपऱ्यात. शोधनिकालांच्या वर येणारा गूगलचा एआय सारांश अख्खं पान नव्हे, परिच्छेद उचलतो. तारीख नसलेला परिच्छेद 2019 चा की 2021 चा की आजचा, हे त्याला कळायला मार्ग नाही, आणि पुराच्या दिवसांत चुकीचं उत्तर म्हणजे गंमत नव्हे.

उपाय साधा आहे, पैसे लागत नाहीत. प्रत्येक नोंद मजकुरात, एका वाक्यात, पूर्ण लिहा: ठिकाण, तारीख, वर्ष, वेळ, फूट, इंच, इशारा पातळी, धोका पातळी, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडे. ‘आज’, ‘काल’ टाळा. दर दिवसाला वेगळं पान आणि एक कायमचं ‘ताजी पातळी’ पान ठेवा, ज्यावर जुनी नोंद राहणार नाही. पानाच्या आतल्या कोडमध्ये प्रकाशनाची आणि बदलाची तारीख घाला. पण मजकूर न बदलता नुसती तारीख पुढे ढकलायची चलाखी करू नका.

सरकारी कागदांचं दुखणं आणखी जुनं. नोटिसा, निविदा, ठराव श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप होतात आणि पीडीएफ चढवली जाते. तपासायची रीत: पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी आलं तर ठीक. इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर फॉन्ट जुना, इंजिनालाही खिचडीच दिसते. काहीच निवडता आलं नाही तर तो स्कॅन आहे. जुना फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकीच्या जागी जाते, जोडाक्षर असेल तर जास्तच. तेवढं माणसाने वाचून काढावं लागतं. स्कॅन असेल तर 300 डीपीआयवर करून टेसरॅक्ट या फुकट सॉफ्टवेअरचं मराठी पॅकेज वापरा. निघालेला मजकूर साध्या वेबपानावर टाका आणि खाली मूळ पीडीएफ जोडा.

दुकानदारांना दोनच गोष्टी. चप्पल लाइनमधल्या दुकानाची गूगलवरची नोंद पाटीवर आहे त्याच नावाने करा. नावात ‘बेस्ट ओरिजिनल कोल्हापुरी होलसेल’ असं कोंबलं की नोंद स्थगित होऊ शकते आणि मग पुन्हा उभी करायला जीव जातो. पडताळणीचा व्हिडिओ न थांबवता, न कापता काढायचा: आधी रस्ता आणि शेजार, मग पाटी, मग स्वतः शटर उघडताना. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं आणि जून 2025 मध्ये प्रादाच्या मिलानच्या कार्यक्रमानंतर जगभर नाव झालं, तरी शोधणाऱ्याला जोडीच्या मापाची, चामड्याची, शिवणीची माहिती देणारं कारागिराचं स्वतःचं पान सापडणं अवघड. ती जागा मोठ्या विक्री संकेतस्थळांनी भरली आहे.

याच ठिकाणी युरोपचा एक अनुभव उलटा आहे. कायद्याने गूगलला स्वतःच्या सेवा पुढे करायला मनाई झाल्यावर, 2024 पासून इथे शोधाच्या पानावरच्या छोट्या नकाशावर बोट ठेवलं तरी गूगल मॅप्स उघडत नाही. हॉटेलांच्या थेट बुकिंगचे फुकट क्लिक 30 टक्क्यांपर्यंत घटले, असं गूगलनेच सांगितलं. आकडा त्यांच्या सोयीचा असेल, पण हॉटेलवाल्यांच्या संघटनाही कुरकुरतायत: गूगलची जागा कमी झाली ती मधल्या बुकिंग कंपन्यांनी घेतली, लॉजवाल्याला काही मिळालं नाही. भारतात असा कायदा करताना ताराबाई रोडवरच्या लॉजमालकाला कुणी विचारणार आहे का? की मसुद्यावर सूचना फक्त दिल्लीतल्या वकिलांच्या संस्था पाठवणार?

वर्तमानपत्रांकडे येऊ, कारण कोल्हापूर ही छापील बातमीची मोठी पेठ आहे आणि धक्का त्यांनाच जास्त. प्यू रिसर्चने मार्च 2025 मधला अमेरिकी लोकांचा वापर तपासला: एआय सारांश दिसला तेव्हा खालच्या दुव्यावर क्लिक झालं 8 टक्के वेळा, नव्हता तेव्हा 15 टक्के. सारांशातल्या दुव्यावर क्लिक फक्त 1 टक्का. हा सारांश भारतात ऑगस्ट 2024 मध्ये इंग्रजी आणि हिंदीत आला, जर्मनीत त्यानंतर सात महिन्यांनी. म्हणजे आपण जर्मनीच्या आधीची प्रयोगशाळा. संवादातून उत्तरं देणारा गूगलचा ‘एआय मोड’ 2025 च्या शेवटी मराठीतही आला. मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी गुळाच्या रव्याचा तुकडा काढून चव बघतात, ते रास्तच. स्निपेट, म्हणजे शोधनिकालात दुव्याखाली दिसणारी एक-दोन वाक्यं, हा तो तुकडा होता. आता अडत्या अख्खा रवा फोडून दारातच वाटतोय.

आपल्या संपादकांची मागणी असते की गूगलने पैसे द्यावेत. जर्मनीने 2013 मध्येच त्यासाठी कायदा केला. 2014 च्या शरदात ॲक्सेल स्प्रिंगर या बलाढ्य समूहाने फुकट तुकडे दाखवायची परवानगी काढून घेतली. दोन आठवड्यांत गूगल शोधातून येणारे वाचक सुमारे 40 टक्क्यांनी आणि गूगल न्यूजमधून येणारे 80 टक्क्यांनी घटले. स्प्रिंगरने मुकाट्याने परवानगी परत दिली. 2019 मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायदा लागूच होत नाही म्हटलं, कारण जर्मनीने तो आधी ब्रसेल्सला कळवला नव्हता. एकट्याने दार लावून घेणं इथल्या एवढ्या बलाढ्य प्रकाशकाला झेपलं नाही, तर जिल्हा दैनिकाला काय झेपणार?

तोवर वार्ताकक्षातल्या तंत्रज्ञाला हे ठाऊक हवं. बॉटने काय वाचावं हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये ‘गूगल-एक्स्टेंडेड’ अडवलं तर मजकूर जेमिनीच्या प्रशिक्षणातून वगळला जातो, पण शोधातल्या एआय सारांशातून नाही; तिथे नेहमीचा गूगलबॉटच काम करतो. पानाला ‘नोस्निपेट’, म्हणजे तुकडा दाखवू नका अशी सूचना, लावलं तर सारांशातून सुटका, पण शोधनिकालातला तुकडाही गेला. मधला मार्ग ‘डेटा-नोस्निपेट’: बातमीचा ज्याला तोड नाही असा भाग, म्हणजे आकड्यांचा तक्ता, खास मुलाखत, तेवढ्याच भागाला तो लावायचा आणि पहिला परिच्छेद मोकळा ठेवायचा. नेहमी होणारी चूक: पान रोबोट्स फाइलमध्ये अडवायचं आणि त्याच पानावर ‘नोइंडेक्स’, म्हणजे यादीत घेऊ नका, असं लिहायचं. बॉटला आतच येऊ दिलं नाही तर त्याने सूचना वाचायची कशी? पान यादीत राहू शकतं. बाकी कंपन्यांच्या एआय बॉटांसाठी, संकेतस्थळांना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअरने जुलै 2025 पासून नव्या संकेतस्थळांना अडवण्याची सोय आपोआप लावली आहे. गूगलबॉटला त्यातून अडवलं तर स्प्रिंगरचं झालं तेच.

म्हणून मागायचं असेल तर हे मागा: शोधात राहायचा आणि सारांशातून बाहेर पडायचा हक्क, दोन्ही वेगळे. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये गूगलला शोधाच्या बाजारात ‘व्यूहात्मक स्थान’ असलेली कंपनी ठरवलं आणि जानेवारी 2026 मध्ये नेमका हाच प्रस्ताव मांडला. युरोपीय आयोगानेही डिसेंबर 2025 मध्ये प्रकाशकांचा मजकूर एआयसाठी वापरण्यावर चौकशी उघडली. वेळ लागणार, हे धरून चाला. गूगल शॉपिंगची चौकशी 2010 ची, दंड 2017 चा, अंतिम निकाल 2024 चा, आणि बर्लिनच्या न्यायालयाने इडिआलो या दरतुलना करणाऱ्या कंपनीला सुमारे 46.5 कोटी युरो भरपाई मंजूर केली ती नोव्हेंबर 2025 मध्ये. सर्किट बेंचसाठी चार दशकं आंदोलन केलेल्या शहराला एवढा धीर असायला हरकत नाही.

भारतात डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च 2024 मध्ये आला आणि तिथेच अडकला. डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने जानेवारी 2022 मध्ये चौकशीचा आदेश दिला, तेव्हा एआय सारांश जन्मालाही आला नव्हता. तक्रारीत तो मुद्दा आता घालायला हवा. विधेयकात दोन कलमं हवीत. एक, वर सांगितलेला वेगळा हक्क. दुसरं, भारतीय भाषांतल्या शोधांच्या नोंदी ओळख पुसून विद्यापीठांना आणि नव्या कंपन्यांना देणं, आणि त्यात युरोपसारखी सरसकट 30 ची चाळणी न लावता भाषेच्या आकाराप्रमाणे चाळणी. शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थेला मराठी शब्दरूपांचं काम करायचं तर कच्चा माल तिथूनच येईल. जिल्हा प्रशासनाला मात्र कुठल्याच विधेयकाची वाट पाहायला नको. पूरनोंदींचं पान मे महिन्यात तयार ठेवता येतं.